आठ घोडे, शेपटीसकट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर चहाचा कप काढून घेईन हातातून! आणि एक गोष्ट आधीच बजावून ठेवते. चूक माझी होती, हे मला मान्य आहे. पण माफी मी मागणार नाही. तेव्हा मागितली नाही, आता या वयात तर नावच काढू नका.

लग्न होऊन पनवेलला आले, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ. माहेर माझं पुण्याचं, आणि इथे मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची. आमचे हे कचेरीत कारकून. घरात सासूबाई. त्यांना सगळं गाव माई म्हणायचं.

तर गावात तळ्याकाठी एक बाग होती. दारावर ही एवढी मोठी पाटी, 'सार्वजनिक बाग'. बागेच्या मागच्या दारातून एक मातीची वाट निघायची. तळ्याला वळसा घालून, आंबराईतून, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत. रविवारी सकाळी गावातले पुरुष तिथे घोड्यावरून रपेट करायचे. म्हणजे घोडे दोन, बसणारे दोन, आणि बाकीचे वीस जण बाकावर बसून पेपर वाचत 'वा, वा' म्हणणारे! पण गावभर सांगताना सगळे 'आम्ही रपेटीला जातो' असंच सांगायचे.

एका रविवारी मी, आमच्या महिला मंडळाची कुसुम आणि शेजारची हलीमाबी अशा तिघी फिरत फिरत त्या बागेत शिरलो. हलीमाबी म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणालाच घाबरायची नाही.

दहा पावलं गेलो असू नसू, तोच बाग समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब आडवे आले. धोतर, कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी.

"मास्तरीणबाई, रविवारची सकाळ पुरुषांची असते. बायकांना मंगळवारी दुपारी तीन ते पाच."

"पण पाटीवर सार्वजनिक लिहिलंय," मी म्हटलं.

"हो ना! सार्वजनिकच आहे. म्हणून तर मंगळवार दिलाय."

आता सांगा! मंगळवारी दुपारी तीनला मी शाळेत, कुसुम स्वयंपाकघरात, आणि ऊन असं की तळ्यातले बेडूकसुद्धा सावलीत!

"आणि हे बघा," अण्णासाहेब पुढे म्हणाले, "इथं रपेट चालते. एखादा घोडा अंगावर आला म्हणजे?"

"मग आम्हीही घोड्यावर बसूनच येऊ!"

हे कोण बोललं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मीच बोलले होते.

बाकावरचे वीसच्या वीस पेपर खाली आले. कुणीतरी खो खो हसलं. आणि एकदा कुणी हसलं ना, की माझं डोकं माझ्या ताब्यात राहत नाही. "पुढच्या रविवारी आठ बायका, आठ घोडे आणि दिवसभर रपेट! टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाणार आणि परत येणार. लिहून घ्या!"

"लिहूनच द्या तुम्ही," अण्णासाहेब म्हणाले.

दिला मी अर्ज. तिथेच बाकावर बसून, हलीमाबीच्या पाठीवर कागद ठेवून. समितीने तो हसत हसत मंजूर केला, पण खाली अण्णासाहेबांनी आपल्या हाताने एक ओळ घातली. 'घोडे न आणल्यास महिलांची मंगळवारची वेळही रद्द समजावी.'

बघा आता! नुसती माझी लाज असती तर गोष्ट वेगळी. पण गावातल्या सगळ्या बायकांचे ते दोन तासही मी पणाला लावून बसले होते. बाहेर पडल्यावर कुसुम म्हणाली, "मालती, तू घोड्यावर बसली आहेस ना कधी?"

"मी पुण्याची आहे," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

तयारी मात्र जोरात सुरू झाली. शाळा सुटल्यावर आठजणी आमच्या अंगणात जमायच्या. भाताची दोन पोती एकावर एक रचायची, वर उशी, आणि चढायचं. नऊवारीचा काष्टा असला की सगळं सोपं जातं, पण कुसुम गोल पातळवाली. ती दर वेळी पोत्यासकट खाली! सगळ्यात ऐटीत बसल्या आमच्या माई. वय पासष्ट. पोत्यावर बसून "टक टक टक" असा तोंडाने आवाज काढायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "पाठ ताठ ठेवा गं!"

सगळं ठीक. फक्त घोडे नव्हते.

गावातल्या टांगेवाल्यांकडे गेले. ते सगळे अण्णासाहेबांच्या शब्दातले. एकाने सांगितलं घोड्याला ताप आहे, दुसऱ्याने सांगितलं घोडा सासुरवाडीला गेलाय. घोडा! बुधवार उजाडला तरी हाती एक लगामसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी बायजा आली. बायजा म्हणजे आमच्याकडे वाल आणि पालेभाजी घेऊन येणारी आगरी बाई. तिचे दोन भाऊ. एक पळस्प्याच्या नाक्यावर टांगा हाकायचा, त्याच्या गोतात बरेच टांगे होते. दुसरा उरणला, होडी घेऊन समुद्रावर जाणारा. टांगेवाला भाऊ आठवला आणि मला वाटलं, सापडला रस्ता!

आता इथे माझी एक खोड सांगायला हवी. मला बायजाच्या बोलीत बोलायचा भारी नाद. ती डोळ्याला 'डोला' म्हणायची, काळ्याला 'काला', फळ्याला 'फला'. मी मराठीची शिक्षिका! चार दिवसांत मी या बोलीचं व्याकरण बांधून टाकलं होतं. जड अक्षर आलं, ळ असो की ड, की त्याचा 'ल' करायचा, संपलं! वहीत तसा नियम लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. शाळेत बाकीच्या बायकांना सांगायचे, "अगं, लोकांच्या भाषेत बोललं की लोक आपले होतात."

तर अशी मी, बायजासमोर उकिडवी बसले आणि ऐटीत म्हटलं, "बायजा, रविवारी बागेत आमा बायांचा कार्यक्रम हाय. तुज्या भावाला सांग, मना आठ घोले पायजेत."

बायजाच्या हातातली वालाची शेंग खाली पडली.

"घोल?"

"घोलच."

"आठ?"

"आठ! एक कमी नाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, बाई घोड्यावर बसणार म्हणून चकित झाली असेल. आणि ती का चकित झाली होती, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. घोळ नावाचा एक मासा असतो. समुद्रातला, कमरेएवढा लांब, मोठ्या मानाचा. आणि ळ चा ल करणारे लोक त्याला म्हणतात 'घोल'. मला हे कुठून ठाऊक असणार? आमच्या घरात चातुर्मासात कांदा आला तरी माई खिडक्या उघडायच्या!

"मोठं पायजेत का बारकं?" बायजाने विचारलं.

"मोठं. चांगलं दांडगं."

"मोठं म्हंजे एकेकाला एकेक मानूस लागंल, बाई."

"तेच तर! एकाला एक मानूस. आमी आठजणी हाव ना!"

"साफ करून आनाला सांगू?"

"व्हय तर! असं चकचकीत साफ करून आन, की गावानं बघत रावं. शेपट्या मात्र ठेव हां. शेपटीशिवाय शोभा नाय."

"आनि डोक्याचं काय करू?"

टांग्याच्या घोड्यांच्या डोक्यावर तुरे असतात ना, ते माझ्या डोळ्यांसमोर आले. "डोक्याला कायएक नको. साधंच बरं दिसतंय."

"ताजंच आनतंव," बायजा म्हणाली.

"ताजंच पायजे! दमलेलं नको."

बायजाने क्षणभर विचार केला आणि जवळ सरकून हळूच विचारलं, "बाई, पन तुमच्या घरांत चालतंय?"

मी ताडकन उभी राहिले. "घरात विचारतंय कोन? मी कुनाला भीत नाय! आनि आमच्या सासूबाई पन बसनार हायेत माज्यासंगं!"

"माई पन बसनार?" बायजाने तोंडावर हात ठेवला. मग तो हात माझ्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमची छाती मोठी हाय."

काय अभिमान वाटला मला! लोकांच्या भाषेत बोललं की असं होतं, मी स्वतःला म्हटलं.

बायजा गेली आणि दुपारपर्यंत बाजारात बातमी. पनवेलचा बाजार तुम्हाला माहीत नाही! एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला काढा उकळतो. शाळेच्या मास्तरीणबाई आणि त्यांच्या सासूबाई रविवारी बागेत उघड्यावर घोळ खायला बसणार! आठ बायका, आठ घोळ! आणि अर्धं गाव म्हणालं की शक्यच नाही, उरलेलं अर्धं म्हणालं की पुण्याकडची आहे, सांगता येत नाही.

आणि आम्ही? आम्हाला पत्ताच नाही. आमच्या तोंडावर 'मासा' हा शब्द कुणी काढीना. सभ्य गाव!

गुरुवारी यांना कचेरीत साहेबांनी बाजूला घेतलं. "तुमच्या घरच्या मंडळींचं कानावर आलं. रविवारचं. तुमची संमती आहे?"

आमचे हे तसे मुखदुर्बळ माणूस. पण बायकोची बाजू घ्यायची असं ठरवून गेलेले. म्हणाले, "संपूर्ण संमती आहे साहेब. जागा झाली तर मीही बसेन म्हणतो."

साहेबांनी दिवसभर यांच्याकडून पाणीसुद्धा मागवलं नाही.

शुक्रवारी आमच्याकडे पूजा सांगणारे गुरुजी आले. उंबऱ्याबाहेरच उभे. "माई, या वयात? तुम्ही?"

"का? वयाला काय झालं? कंबर ताठ आहे माझी!" माई कडाडल्या. "आणि गुरुजी, यात नवं काय आहे? माझी पणजी तर रोज करायची. पहाटे उठून, अंघोळीच्याही आधी!"

गुरुजी जे वळले ते वाटेत चप्पल निसटली तरी थांबले नाहीत. माई म्हणाल्या, "यांना बायकांचं धाडस बघवत नाही गं."

आणि शनिवारी संध्याकाळी खुद्द अण्णासाहेब दारात! आत या म्हटलं तर येईनात.

"मास्तरीणबाई, अर्ज एक आणि बेत दुसरा, असं ऐकतोय मी."

"बेत तोच आहे," मी म्हटलं. "आठच्या आठ येणार. मोठे, साफ केलेले, शेपटीसकट."

अण्णासाहेबांनी घाम पुसला. "उघड्यावर? सगळ्यांसमक्ष?"

"मग काय दारं लावून करायचं? तुम्ही पुरुष दर रविवारी करता ते काय पडद्यात करता?"

"आम्ही? आम्ही बागेत असलं कधीच…"

"पुरे!" मी म्हटलं. "उद्या सात वाजता या. घरच्यांनाही आणा. शिकायला मिळेल काहीतरी."

ते काठी टेकत निघून गेले. तुम्हाला खरं सांगते, त्या संध्याकाळी मला वाटलं की जिंकलो आपण. घाबरला माणूस!

रविवारी आम्ही आठजणी सहालाच बागेत. पहाटेचा गारठा. काष्टे आवळलेले, पदर खोचलेले, कुसुमनेसुद्धा सासूचं नऊवारी नेसलेलं. माईंनी कानाला मफलर बांधला होता. आणि गर्दी म्हणाल तर बागेच्या भिंतीवर माणसं, फाटकाबाहेर माणसं! बाकांवर समितीचे वीसजण नाकाला रुमाल लावून बसलेले. मला कळेना, सर्दी सगळ्यांना एकदम कशी झाली?

मी एका दगडावर उभी राहिले. भाषण पाठ करून आले होते. "बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर ज्या गोष्टीवर फक्त पुरुषांचा हक्क मानला गेला, ती गोष्ट आज आम्ही बायका सर्वांसमक्ष करून दाखवणार आहोत!"

भिंतीवरून कुणीतरी शिटी मारली.

माझ्या पाठीमागे गाडीची चाकं वाजली. मी मागे न बघताच हात उंच केला आणि ओरडले, "पाहा! आले! आठही आले!"

सगळं गाव माझ्या पाठीमागे पाहत होतं. घोड्यांच्या टापा कशा ऐकू येत नाहीत, असा विचार माझ्या मनात येतो न येतो, तोच वास आला. आता कसला वास म्हणून विचारू नका.

मी वळले.

बैलगाडी. गाडीवर बायजा, आणि तिच्या शेजारी तिचा उरणचा भाऊ. बायजाने एका झटक्यात गाडीवरचा पेंढा बाजूला केला. केळीच्या पानांवर, ओळीने, आठ मासे. एकेक माझ्या कमरेएवढा! पोट साफ केलेलं, खवले काढलेले, उन्हात अशी चांदी चमकत होती. बायजा मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बघा बाई. शेपट्या ठेवल्यात, तुमी सांगितलं तशा!"

आता तुम्ही हसताय. हसा! मला मात्र त्या क्षणी सगळं एकदम उलगडलं. बायजाचं 'घोल?', गुरुजींची चप्पल, अण्णासाहेबांचा घाम. माईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. मला वाटलं, पणजी आठवली असणार.

अण्णासाहेब उठले. काठी टेकत आले. आधी माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तरीणबाई, हे घोडे आहेत?"

सगळी भिंत हसली.

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'मी घोडे सांगितले होते, या बाईने चुकीचं ऐकलं.' एवढं म्हटलं असतं की सुटले असते मी. लोक बायजाला हसले असते. तोंड उघडलंसुद्धा, आणि बायजाकडे लक्ष गेलं. ती गोंधळली होती. माझ्याकडे बघत होती, मग माशांकडे, मग भिंतीवरच्या हसणाऱ्या माणसांकडे. तिचा भाऊ हळूच म्हणाला, "बाई, काय चुकलं का? बंदरावर व्यापारी मागत व्हता सगळं. मी नाय दिलं. बोललो, शालंच्या बाईंचं सांगनं हाय."

आता सांगा. अशा माणसाला खोटं पाडायचं? बागेसाठी?

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. मग आवाज चढवला. "घोळच मागवले होते मी! आठ! माझ्या तोंडाने सांगितले, शेपट्यांसकट! कुणाला काही म्हणायचंय?"

कुसुम माझ्या कानात म्हणाली, "मालती, आता आपल्याला खावे लागणार?"

"गप्प बस," मी म्हटलं. पुढचं मलाच माहीत नव्हतं.

अण्णासाहेब खुशीत आले. "मग झालं तर. घोडे नाहीत, रपेट नाही. अर्ज रद्द, मंगळवार रद्द. बाग मोकळी करा."

"नाही करणार!"

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! माल आलाय, तो विकला जाईपर्यंत आम्ही इथेच. हलीमाबी!"

हलीमाबी तोवर गाडीशी पोचलीसुद्धा होती. एका माशाचा कल्ला उघडून आत बघत होती. "या अल्ला, क्या माल है! बायजा, कोयता आण. विळी आण. अगं भिंतीवरच्या पोरींनो, बघता काय? घोळ आहे घोळ! तुमच्या घरात आज खिमा-मटण पकवू नका म्हणावं!"

तिने असं म्हटलं मात्र, बाहेरून बायका आत शिरायला लागल्या. एक आली, तिच्यामागे चार, चारांच्या मागे मोहल्लाच्या मोहल्ला, आगरी, कोळी, मुसलमान, प्रभू, सगळ्या! पिशव्या, ताटल्या, पातेली. समितीच्या बाकांमधूनच रांग लागली. वीस पेपरवाल्यांच्या मांडीवरून पदर जायला लागले. बघता बघता बाग बायकांनी भरून गेली, आणि वासाने की गर्दीने कोण जाणे, बाकं रिकामी होत गेली.

आम्ही बाकीच्या सातजणी काय करत होतो? रांग लावत होतो! माई मफलर नाकावरून बांधून फाटकात उभ्या राहिल्या आणि "ढकलाढकली नको, पाठ ताठ ठेवा" असं ओरडत होत्या. माशाला हात लावला नाही, पण रांग मोडू दिली नाही!

अण्णासाहेब तेवढे उरले. मधोमध उभे राहून काठी आपटत होते, "ही बाग आहे! मासळीबाजार नाही!" तेवढ्यात रांगेतून आवाज आला.

"अहो, जरा सरका की. मधला तुकडा संपेल."

अण्णासाहेबांच्या मंडळी! हातात झाकणाचं पातेलं घेऊन.

अण्णासाहेब सरकले. काय करणार? त्यांनाही जेवायचं होतं दुपारी.

दहाच्या आत गाडी रिकामी. बायजाचा भाऊ खूश, बायजा खूश. मग गाडीच्या दांडीवर बसून तिने मला विचारलं, "बाई, पन तुमी एक तुकडा पन नाय घेतला. मंग मागवलंत कशाला?"

आता तिच्याशी खोटं कसं बोलू? सांगितलं सगळं. मला घोडे हवे होते. टांगेवाल्या भावाचे.

"घोरं?" बायजा म्हणाली. "घोरं पायजे व्हतं? मंग घोरं बोलाचं ना! गाडीला आमी गारी बोलतंव, होडीला होरी, घोड्याला घोरा. घोला कोन बोलतंय?"

"मला वाटलं, तुम्ही…"

"तुमी शालंत बोलता तसं सांगितलं असतं तरी समजलं असतं मना!"

मग ती जी हसायला लागली! पोट धरून, दांडीवरून घसरून खाली बसेपर्यंत. वहीतल्या त्या नियमाचं पान मी घरी जाऊन फाडलं. पण हसणं थांबल्यावर डोळे पुसत ती काय म्हणाली माहीत आहे? "पुढल्या रवारी घोरं येतील. माज्या भावाला मी सांगतंव. तुमी नका सांगू."

आणि आले! पुढच्या रविवारी सकाळी, खरेखुरे, चार पायांचे. आठ नव्हते, चार होते, पण आम्ही दोन फेऱ्या करायचं ठरवलं. समितीने अर्ज रद्द केला होता तो केला होता. पण आदल्या रविवारी तेवढ्या बायका आत येऊन गेल्यावर फाटकात आडवं यायची कुणाची छाती झाली नाही. अण्णासाहेब नुसते बाकावर बसून होते, मांडीवर समितीची वही.

पहिल्या फेरीत माई, हलीमाबी, कुसुम आणि आणखी एक. काय थाट सांगू! तळ्याला वळसा, आंबराई, टेकडी आणि परत. हलीमाबी तर परत येताना एका हाताने पान लावत होती. दुसऱ्या फेरीत मी. मला दिला सगळ्यात शांत घोडा. टांगेवाला म्हणाला, "बाई, हा एकदम गरीब. रोजची वाट चालनार, दुसरीकडं बघनार नाय."

ते 'रोजची वाट' मी नीट ऐकायला हवं होतं.

आंबराईपर्यंत सगळ्या बरोबर होतो. तिथे वाट फुटते. तिघींचे घोडे टेकडीकडे वळले, माझा वळेना. मी लगाम ओढला, टाच मारली, 'टक टक' केलं. त्याने एकदा कान हलवले आणि हमरस्त्याला लागला. पळस्प्याच्या! मी ओरडले, रागावले, शेवटी विनवण्या केल्या. शुद्ध मराठीत, हां! काही उपयोग नाही. रस्त्याने जाणारे लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठी बाई दौऱ्यावर निघाली आहे. मग मीही मान ताठ केली. दुसरं काय करणार?

पळस्प्याच्या नाक्यावर तो थेट एका चिंचेखाली जाऊन उभा राहिला. तिथे एक गृहस्थ ट्रंकेवर बसले होते. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पनवेलला सोडणार का? टांगा कुठे आहे?"

मी उतरले. म्हणजे घसरले, पण पायांवर. आणि मग लक्षात आलं की आमच्या अंगणात पोत्यावर चढायला एक स्टूल होतं. पळस्प्याला स्टूल नव्हतं. त्या गृहस्थांनी ट्रंक देऊ केली. ट्रंकेवर चढले, तर घोडा दोन पावलं पुढे. ट्रंक पुढे सरकवली, घोडा आणखी दोन पावलं पुढे. असे आम्ही तिघे आणि ट्रंक नाक्याला अर्धी प्रदक्षिणा घालून चुकलो, तेव्हा टांगेवाला मागून सायकलवर धापा टाकत आला. घोडा त्याच्या हवाली केला आणि समोर उभ्या असलेल्या एस.टी.त जाऊन बसले. काष्ट्यातच!

त्या दिवसापासून रविवारची सकाळ बायकांची झाली, ती झालीच. कुणी ठराव केला नाही, कुणी पाटी बदलली नाही. आम्ही जात राहिलो, एवढंच. म्हणून म्हटलं ना, माफीबिफी मागणार नाही!

मात्र समितीच्या त्या वहीत अण्णासाहेबांनी त्या दिवसाची नोंद केली. वळणदार अक्षरात, खाली सही ठोकून. मी स्वतः वाचली आहे ती.

'महिला मंडळाची रपेट पार पडली. आठजणी घोड्यावरून गेल्या. सातजणी घोड्यावरून परत आल्या. एक एस.टी.ने आली.'